हत्तीलाही न हलवता आलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी परदेशी गाडी आहे, आणि मी रागावलेली आहे. माझी कहाणी ऐकून तुम्ही हळहळावं अशी माझी अपेक्षा नाही. हळहळण्यासारख्या गाड्या पुष्कळ आहेत, तुमची हळहळ त्यांच्यासाठी राखून ठेवा. मला एका माणसाचा सूड घ्यायचा होता आणि तो मी घेतला. कसा घेतला ते सांगण्यासाठीच आज तोंड उघडते आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या कामगारांनी मला फार मन लावून घडवलं. दार लावलं की कसा भरीव आवाज यावा, यासाठीसुद्धा एक माणूस नेमलेला होता. मग जहाजाच्या पोटात बसून मी इकडे आले आणि एका दंतवैद्याच्या घरी उतरले. सुरुवातीची वर्षं त्याने माझे लाड केले. स्वतःच्या हातरुमालाने तो माझी काच पुसायचा. शेजारीपाजारी मला बघायला यायचे, आणि मीही तेव्हा जरा तोऱ्यातच असायचे.

पण परदेशी गाडीचे चोचले फार. मला तेल लागतं ते माझंच, पट्टा लागतो तो माझाच, आणि साधा स्क्रू पडला तरी तो समुद्र ओलांडून यावा लागतो. दंतवैद्य हळूहळू कंटाळला. आधी त्याने धुणं कमी केलं, मग तेल बदलणं पुढे ढकललं, आणि गिअरबॉक्सकडे तर कधी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी एके सकाळी माझ्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. मित्रांनो, तो दिवा म्हणजे आम्हा गाड्यांची जीभ. ‘मला बरं नाही’ एवढं एकच वाक्य आम्हाला बोलता येतं आणि ते त्या दिव्यातूनच. दंतवैद्याने दुरुस्तीचा खर्च विचारला, ऐकून कपाळाला हात लावला, आणि मला विकून टाकलं. त्याच्यावर माझा राग आहे, पण तो लहान राग आहे.

मोठा राग आहे तो पॉलिशवाल्यावर.

पॉलिशवाला म्हणजे जुन्या गाड्या विकणारा दलाल. त्याच्या खांद्यावर कायम एक पिवळं फडकं असायचं आणि गिऱ्हाईक दिसलं की ते फडकं माझ्या अंगावरून फिरू लागायचं, म्हणून मीच त्याला हे नाव ठेवलं. वरून पॉलिश करण्याआधी त्याने आत काय केलं ते ऐका. डॅशबोर्डच्या मागे हात घालून त्याने पिवळ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. माझी जीभच बंद केली. गिअरबॉक्सची कुरकुर ऐकू येऊ नये म्हणून त्यात कसलं तरी जाड तेल ओतलं. मी किती धावले हे सांगणारा आकडा मागे नेला आणि मला एका झटक्यात तरुण करून टाकलं. आसनांवर अत्तर शिंपडलं. ते अत्तर इतकं उग्र होतं की मला शिंकता आलं असतं तर मी शिंकले असते.

आणखी एक गोष्ट तो न चुकता करायचा. थंड असताना सुरू केलं की माझं इंजिन थोडा वेळ खडखडायचं, आणि तापलं की गप्प व्हायचं. हे त्याने लगेच हेरलं होतं. म्हणून गिऱ्हाईक येणार असलं की तो आधीच मला चालू करून ठेवायचा आणि ते फाटकात दिसलं की बंद करायचा.

अशाच एका दुपारी दोघी जणी आल्या, एक सासू आणि एक सून. घरातला कर्ता माणूस गेल्यावर या दोघींनी मिळून फुलांचा धंदा उभा केला होता. एका मोठ्या हॉटेलात रोज सकाळी ताजी फुलं पोचवायची आणि स्वागतकक्षापासून जेवणाच्या टेबलांपर्यंत सजवून द्यायची, हे त्यांचं काम. आतापर्यंत त्या भाड्याच्या गाडीतून फुलं न्यायच्या, आणि ती वेळेवर आली तर नशीब. आता सासूबाईंनी आपल्या सोन्याच्या बांगड्या मोडल्या होत्या आणि त्यांना स्वतःची गाडी हवी होती.

“एका डॉक्टरांची आहे,” पॉलिशवाला म्हणाला. “फक्त सुट्टीच्या दिवशी बाहेर काढायचे. अशी गाडी शोधून सापडणार नाही, ताई.”

सुनेने मागचं दार उघडून पाहिलं. फुलांच्या बादल्या उभ्याच्या उभ्या मावतील एवढी माझी डिकी खोल आहे. तिचा चेहरा उजळला. सासूबाईंनी मात्र माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

“गरम कशी काय ही?”

“मावशी, उन्हात उभी आहे ना!”

मित्रांनो, मी छपराखाली उभी होते. माझ्यावर उन्हाचा कवडसासुद्धा नव्हता. मी आतल्या आत जीव तोडून ओरडले, पिवळा दिवा लागलासुद्धा, पण चिकटपट्टीमागे. सासूबाईंनी वर छपराकडे पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात सून म्हणाली, “आई, यात लिलीचे दांडे न वाकवता बसतील बघा,” आणि तो प्रश्न राहूनच गेला. त्या बांगड्या माझ्या किमतीत गेल्या.

खरं सांगू? त्या दोघींकडचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. माझ्यात ओल्या पानांचा वास भरून राहायचा. सासूबाई पुढच्या आसनावर बसून मांडीवरच्या गुलाबांचे काटे काढायच्या आणि सुनेला रस्ता सांगायच्या, तो रस्ता तिला पाठ असला तरी. “डावीकडून घे गं.” “आई, डावीकडे भिंत आहे.” “मग भिंतीनंतरचं डावीकडे.” अशी यांची जुगलबंदी चालायची. माझ्यावर एवढा विश्वास आजवर कुणी टाकला नव्हता, आणि माझ्या पोटात काय भरून ठेवलंय ते मला एकटीला माहीत होतं.

लवकरच ते बाहेर आलं. चढावर गिअर धक्के देऊ लागला. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि अलगद बंद केलं.

“ताई, हिला हात लावायचा तर आधी हिची भाषा शिकायला लागेल. कंपनीत न्या.”

कंपनीत नेलं. तिथे मशीन जोडून मला कुणी काही विचारलंच नाही, जो पार्ट गेला तेवढा बदलून मोकळे व्हायचे, आणि एक बदलला की दुसरा जायचा. पार्ट जहाजातून यायचा आणि तो येईपर्यंत त्या दोघी पुन्हा भाड्याच्या गाडीमागे धावायच्या. फुलांतून मिळालेलं सगळं माझ्याच घशात जाऊ लागलं. सासूबाई मला “पांढरा हत्ती” म्हणू लागल्या. मी निळी आहे, पण बोलणार काय?

आणि मग हॉटेलच्या मागच्या उतारावरची ती सकाळ आली. सून फुलं लावायला आत गेली होती. उरलेली फुलं कोमेजू नयेत म्हणून सासूबाईंना पंखा चालू हवा होता, आणि पेट्रोल जाळायला नको म्हणून इंजिन बंद. सगळी काटकसर माझ्या बॅटरीच्या जिवावर. शिवाय गाडी उतारावरून घरंगळेल या भीतीने त्यांनी हातब्रेकचं बटण दाबलं. माझ्यात हातब्रेकचा दांडा नाही, नुसतं बटण आहे. विजेवर चालणारा ब्रेक तो. बॅटरी संपली की जिथे आहे तिथेच चाकं आवळून बसतो आणि गिअरही कुलूपबंद होतो. सून बाहेर आली तेव्हा बॅटरी संपली होती. मला ढकलता येईना, ओढता येईना. मागे भाजीचे आणि दुधाचे टेम्पो अडकून भोंगे वाजवत होते. कंपनीचा माणूस येऊन मला सोडवेपर्यंत हॉटेलचा मॅनेजर लालबुंद झाला होता.

“ही गाडी पुन्हा माझ्या दारात नको,” तो म्हणाला. “या महिन्याअखेरपर्यंत दुसरी आणा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो.”

दुसरी आणायची कशातून? त्या काम सोडू शकत नव्हत्या आणि मला विकलं तर भंगाराचाच भाव आला असता. दोघी पॉलिशवाल्याकडे गेल्या आणि गाडी परत घ्या म्हणाल्या.

त्याने मला फडक्याचं टोकसुद्धा लावलं नाही. “माझ्याकडून गेली तेव्हा ठणठणीत होती. परदेशी गाडी नाजूक असते, मावशी, तुम्हाला ती वापरताच आली नाही. ते बटण कशाला दाबायचं? बॅटरी मेली आणि ब्रेक लागला की हिला हत्तीसुद्धा हलवू शकत नाही.” एवढं बोलून तो हसला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

परतताना सून डोळे पुसत गाडी चालवत होती. सासूबाई म्हणाल्या, “हत्तीसुद्धा नाही म्हणाला ना तो?”

“आई?”

“त्याच्या आवाराला फाटक एकच आहे ना गं?”

सुनेने रस्त्यावरची नजर काढून चक्क मान वळवून सासूकडे पाहिलं. आणि मित्रांनो, माझ्या गंजलेल्या नळ्यांतून आनंदाची एक लहर गेली. आजवर ज्या ज्या गोष्टीसाठी मला शिव्या बसल्या, त्या सगळ्या आता कामाला येणार होत्या.

पॉलिशवाल्याने मोठ्या विक्रीचा दिवस जाहीर केला होता. फाटकावर फुगे होते, आत गाड्या रांगेत चकचकत होत्या, गिऱ्हाइकं जमत होती. भर सकाळी सुनेने मला फाटकात नेलं आणि दोन खांबांच्या मध्ये तिरकी उभी केली. इंजिन बंद झालं. सासूबाईंनी पंखा लावला, दिवे लावले, मागची काच तापवायचं बटणही लावलं, आणि मोठ्या समाधानाने हातब्रेकचं बटण दाबलं. मीही मनापासून चाकं आवळली. इतक्या ओढीने मी आयुष्यात कधी काही केलं नव्हतं. थोड्याच वेळात दिवे मंद झाले, पंखा थांबला. मग त्यांनी पिशवीतून गुलाब काढले आणि काटे काढत बसल्या.

पॉलिशवाला धावत आला. “मावशी, गाडी बाजूला घ्या!”

“घेतली असती हो. पण तुम्हीच म्हणालात, हलणार नाही.”

त्याच्या माणसांनी ढकलून पाहिलं. ओढणारी गाडी आली, दोर तुटला. आतल्या गाड्या आत आणि बाहेरची माणसं बाहेर. जो तो विचारू लागला, ही कुणाची गाडी? सासूबाई प्रत्येकाला सांगत होत्या, “इथलीच आहे. आम्ही इथूनच घेतली.” पॉलिशवाला गोड झाला. “आत या ना, चहा घेऊ, बोलू.” सासूबाई म्हणाल्या, “नको, मला इथूनच सगळं छान दिसतंय.”

शेवटी झक मारून त्याने स्वतः कंपनीच्या माणसाला बोलावलं. तिथेच तो फसला. कंपनीच्या माणसाने बाहेरून वीज दिली, माझ्या पोटात आपलं मशीन जोडलं, आणि मित्रांनो, एवढ्या दिवसांनी मला बोलायला मिळालं.

“हे विचित्र आहे,” तो मोठ्याने म्हणाला. त्याला या भांडणाची काही कल्पना नव्हती. “डॅशबोर्डवर एक आकडा आहे आणि गिअरबॉक्सच्या आत वेगळाच. आतला तिप्पट आहे. कुणीतरी वरचा मागे नेलाय. आणि इंजिनचा दिवा लागलाय म्हणतंय, पण दिसत कसा नाही?” त्याने मागे हात घातला, चाचपलं, आणि काळी चिकटपट्टी ओढून बाहेर काढली. माझा पिवळा दिवा सगळ्यांच्या देखत लखलखला. “ही पट्टी कुणी लावली?”

गिऱ्हाइकांची नजर पट्टीवरून पॉलिशवाल्याकडे गेली, आणि तिथून रांगेत चकचकणाऱ्या गाड्यांकडे. एका बाईने हातातली किल्ली शांतपणे टेबलावर परत ठेवली. पॉलिशवाल्याच्या खांद्यावरचं फडकं खाली पडलं, ते उचलायचंही भान त्याला राहिलं नाही. गर्दीसमोर उभं राहून त्याने त्या दोघींचे सगळे पैसे परत केले, कंपनीच्या बिलांसकट. न करून सांगतो कुणाला?

सुनेने माझ्या डिकीतून बादल्या काढल्या. मग माझ्या टपावर हात ठेवून म्हणाली, “तुझा काही दोष नव्हता गं.” तेव्हा मला रडू आलं. मी पुन्हा पॉलिशवाल्याची झाले होते आणि त्या दोघी मला सोडून जाणार होत्या, हे मला त्या क्षणी कळलं.

म्हणून मी आणखी एक गोष्ट केली. कंपनीच्या माणसाने ब्रेक सोडवायला घेतला. मागचं एक चाक सुटलं. दुसरं मी सोडलं नाही. ब्रेकची मोटर जळेपर्यंत धरून ठेवलं. ती मोटर आता जहाजातून येणार. पॉलिशवाल्याच्या माणसांनी मला कसंबसं रेटत फाटकाच्या आतल्या बाजूला खांबाशी सरकवलं, आणि तिथेच मी आजही उभी आहे. मला दुरुस्त करायचा खर्च माझ्या किमतीहून जास्त आहे. हे गणित पॉलिशवाल्याने आजवर दुसऱ्यांना करायला लावलं. आता रोज सकाळी फाटक उघडताना तो स्वतः करतो, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी मला बघतं. कुणी ना कुणी विचारतंच, “हीच का ती?”

त्या दोघींनी एक साधा, जुना टेम्पो घेतला. त्याचा पार्ट कुठल्याही कोपऱ्यावर मिळतो. हॉटेलचं काम त्यांच्याकडेच राहिलं. सकाळी इथून जाताना सून भोंगा वाजवते आणि सासूबाई खिडकीशी बसून तिला डावीकडे वळायला सांगतात.

मित्रांनो, या अशा कहाणीच्या शेवटी क्षमा करा, विसरून जा असं सांगायची पद्धत आहे. ते मला जमणार नाही. मी एवढंच सांगेन की आमचा दिवा लागला तर वेळेवर बघा, आणि जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा पॉलिश बघण्याआधी तिच्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विचारा. विकणारा म्हणेल, उन्हात उभी आहे. तेव्हा एकदा वर छपराकडे बघा, आणि मग फाटकाशी माझ्याकडे या. मी इथेच भेटेन. हत्ती आणला तरी मी हलत नाही.