आधीचा आकडा, नंतरचा आकडा

मित्रांनो, मी जुना आहे, तरीही मला स्वस्थ बसता येत नाही. किरणोत्सार मोजणारा करड्या रंगाचा लोखंडी मीटर आहे मी. माझ्या पोटात एक नळी आहे. एखादा अदृश्य किरण तिच्यातून गेला, की मी ‘टिक’ करतो. जमिनीतून, आकाशातून, तुमच्या हाडांतूनसुद्धा थोडे किरण येतच असतात. त्यामुळे माझी टिकटिक कधीच पूर्ण थांबत नाही. थांबली, तर समजा काहीतरी बिघडले आहे.

माझा जन्म पन्नास वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका लहान कारखान्यात झाला. मला विकत घेतले ते एडविन थॉर्नली नावाच्या तरुण व्याख्यात्याने. तो बेकरीवाल्याचा मुलगा. त्याचे वडील भट्टीतून पाव काढल्यावर तो उलटा करून बोटाने ठोकत आणि आतून भाजल्याचा आवाज ऐकूनच टोपलीत टाकत. मुलगा मोठा होऊन अणुभट्ट्यांचे शास्त्र शिकवू लागला, पण ठोकून बघण्याची सवय त्याने सोडली नाही.

माझ्या सोबतीला त्याने एक जुने गजराचे घड्याळ ठेवले होते. त्याचे आकडे रेडियमच्या रंगाने रंगवलेले होते. मला त्याच्याजवळ धरले, की मिनिटाला दोनशेच्या वर टिकटिक व्हायची. प्रत्येक मोजणीपूर्वी तो मला घड्याळाजवळ धरी आणि आकडा कार्डावर लिही. मोजणी झाल्यावर पुन्हा धरी. कार्डावर दोनच रकाने होते, ‘आधी’ आणि ‘नंतर’.

एकदाच, फक्त एकदाच, ‘नंतर’चा रकाना रिकामा राहिला. त्या दिवशी मला एक किरकोळ धक्का बसला आणि मी मुका झालो. मला पुन्हा घड्याळाजवळ न धरताच, खोलीत किरण नाहीत असे समजून जॉइस नावाची तंत्रज्ञ आत गेली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटे भाजली. ती पुढे कधीच नीट लिहू शकली नाही.

त्यानंतर एडविन बदलला. ‘नंतर’चा आकडा नसेल, तर तो कोणत्याही अहवालावर सही करीना. एका अणुभट्टीची चाचणी त्याने तीन आठवडे अडवून धरली. वरिष्ठ चिडले. बरोबरीचे लोक प्राध्यापक झाले, हा मात्र आणखी नऊ वर्षे व्याख्याताच राहिला. प्राध्यापक झाला तेव्हा त्याचे केस पिकले होते. पण त्याच्या प्रयोगशाळेत पुन्हा कुणाचे बोट भाजले नाही.

निवृत्तीच्या वर्षी नाशिकची सुमेधा त्याची विद्यार्थिनी होती. ती नोकरीसाठी कुवेतला निघाली, तेव्हा त्याने मला, घड्याळाला आणि कार्डांच्या गठ्ठ्याला तिच्या हवाली केले. तो रिकामा रकाना दाखवून म्हणाला, “बाकीची कार्डे हरवली तरी चालतील. हे एक हरवू नकोस.”

आता मी कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला बंदराजवळच्या एका कारखान्यात असतो. इथे पाइपांचे जोड आतून नीट आहेत का, हे गॅमा किरणांनी फोटो काढून बघतात. किरण देणारा स्रोत हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा लहान असतो. तो जड पेटीत ठेवतात, लांबून हँडल फिरवून तारेने एका लांब नळीतून बाहेर ढकलतात आणि काम झाले की परत आत ओढतात. तो आत आला की नाही, हे सांगणे माझे काम.

गेल्या जूनमधली गोष्ट. उन्हाळ्यात इथे अकरा वाजता उघड्यावरची कामे थांबवावीच लागतात. नवा डिजिटल मीटर दुसऱ्या साइटवर गेला होता. म्हणून सुमेधाने मला घेतले. सकाळी घड्याळाजवळ धरून तिने लिहिले, ‘आधी २१२’.

शेवटचा फोटो झाला. कंप्रेसर घरघरत होता, त्यामुळे सुमेधाने माझा इअरफोन कानाला लावला होता. मी जिवाच्या आकांताने तडतडत होतो. तिचा मदतनीस दत्तप्रसादने हँडल उलटे फिरवले. त्याच क्षणी सुमेधाने मला लोखंडी पिंपावर टेकवले आणि माझ्या पोटातल्या तारेचा एक डाख सुटला.

तडतड थांबली. उरली ती सुटलेल्या तारेची अधूनमधून होणारी टिकटिक. ती अगदी नेहमीच्या टिकटिकीसारखी!

मित्रांनो, त्या क्षणाची तगमग मी तुम्हाला कशी सांगू? मी काहीच मोजत नव्हतो, आणि सगळ्यांना वाटत होते की मी ‘या’ म्हणतो आहे.

“हँडल जरा घट्ट लागलं, पण आला,” दत्तप्रसाद घाम पुसत म्हणाला. “जाऊ ना मॅडम? पाइप सोडवतो आणि खलास. आज लेकीचा, जुईलीचा वाढदिवस आहे. केक घरी फरवानियाला पोचेपर्यंत त्याचं सरबत व्हायचं.”

“अकराला दहा कमी आहेत, ताई,” सुपरवायझर देवेंद्र म्हणाला. “अकरानंतर उन्हात माणूस दिसला, तर मुदीर मला तळून खाईल.” मुदीर म्हणजे इथला मॅनेजर.

“आवाज तर थांबलाय,” सुमेधा म्हणाली.

दत्तप्रसादने आत जायला धोक्याच्या हद्दीची दोरी उचलली.

मग तिने कार्ड हातात घेतले. ‘आधी’समोर २१२. शेजारी रिकामा चौकोन.

“थांबा.”

“आता काय?”

“नंतरचा आकडा राहिलाय.”

“ते आजोबांचं घड्याळ?” देवेंद्र वैतागला. “ताई, ते जेवण झाल्यावर करा ना. कुठे पळून जातंय?”

“दत्तप्रसाद, दोरी खाली ठेवा. सगळे मागे चला, भिंतीपलीकडे.”

भिंतीमागे तिने डब्यातून घड्याळ काढले, मला त्याच्याजवळ धरले आणि मनगटाकडे बघत मोजू लागली. एक मिनिट संपले.

“नऊ,” ती म्हणाली.

दत्तप्रसादने विचारले, “म्हणजे तो बाहेरच आहे?”

“माहीत नाही. याला विचारून कळणार नाही, एवढंच कळलं.”

दोरी आणखी लांब नेली. तासाभराने दुसऱ्या साइटवरून नवा मीटर आला. भिंतीच्या कडेशी धरताच त्याचा आकडा झरझर चढला. स्रोत नळीत मधेच अडकला होता. लांबूनच हँडल मागेपुढे करून तो पेटीत ओढायला दुपार झाली. मुदीरने देवेंद्रला फोनवर पुष्कळ ऐकवले.

संध्याकाळी दत्तप्रसादने केक हातात धरलेला फोटो पाठवला. केकचे खरोखर सरबत झाले होते. धरणारी दहाही बोटे धड होती.

सुमेधाने कार्डाचा फोटो प्राध्यापकांना पाठवला, ‘आधी २१२, नंतर ९’. ते आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. उत्तर आले, “त्याला आता विश्रांती दे. घड्याळ मात्र कामावर राहू दे.”

आता मी तिच्या टेबलावर असतो. डाख पुन्हा लावला आहे, पण मला साइटवर नेत नाहीत. रोज सकाळी नवे मीटर घड्याळाजवळ जातात, परत आल्यावर पुन्हा जातात. मी बघतो आणि आतल्या आत टिकटिकतो.

मित्रांनो, येणारे-जाणारे माझ्यावर हात फिरवतात आणि म्हणतात, “किती इमानी यंत्र!” मला ते सहन होत नाही. मी इमानीच होतो, तरी त्या दिवशी चुकीचे बोललो. जुन्या वस्तूंवर जरूर माया करा. पण माझी धूळ पुसण्याआधी मला एकदा घड्याळाजवळ धरा. काम झाल्यावर, घरी जायची घाई असेल तेव्हा, आणखी एकदा.