भलत्याच सिनेमावरचं मत

आमच्याकडे मत दिल्याशिवाय कॉफी मिळत नाही. हनुमंतरावांनी सिनेमा मंडळ सुरू केलं तेव्हाच हा नियम घातला. रविवारी दुपारी त्यांच्या हॉलच्या खिडक्यांना जाड चादरी लावायच्या, भिंतीवर देशोदेशींचे जुने सिनेमे पाहायचे आणि दिवे लागले की एकेकानं बोलायचं. 'बरा होता' एवढं म्हटलं तरी चालतं, पण गप्प बसणाऱ्याच्या हातात जयश्रीबाई, म्हणजे हनुमंतरावांच्या पत्नी, टंबलर ठेवत नाहीत.

मी बहुतेक वेळा 'बरा होता' म्हणूनच कॉफी प्यालो आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, सिनेमावरची पुस्तकं चाळली, अजूनही मंडळात जाण्याआधी त्या त्या सिनेमाबद्दल मिळेल ते वाचून दोन-चार वाक्यं जुळवून नेतो. पण पाळी येईपर्यंत ती वाक्यं मलाच खोटी वाटू लागतात. तेव्हा मंडळातली माझी जागा माझ्या मतांमुळे नव्हती. ती राजेश्वरीमुळे होती.

राजेश्वरी माझी पत्नी. तमिळ आणि आमची तंजावरी मराठी यापलीकडे तिला भाषा येत नाही, आणि सिनेमाखालच्या इंग्रजी ओळी तर तिच्या डोळ्यांपुढून पळतात. म्हणून मी तिच्या कानाशी बसून त्या ओळी घरच्या मराठीत हळूच सांगतो. कुठल्या बर्फाळ गावातला पाद्री असो की वाळवंटातली म्हातारी, सगळे आमच्या स्वयंपाकघरात बोलतात तसं बोलतात. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, पण तिच्या कानाशी मी राजा होतो, चोर होतो, रुसलेली सून होतो. त्या खुर्चीवर कुणाचा डोळा असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मग वैद्यनाथ आले. आमच्याच लोकांपैकी, पण सगळी नोकरी पुण्यात झालेली. बायको गेल्यावर जवळच्या साक्कोट्टैला वडिलांच्या घरी परतले. पुण्यात कसल्याशा फिल्म सोसायटीचे सभासद होते म्हणे. बोलायला उभे राहिले की हात मागे बांधत आणि सुरुवातच करत, "मला हा सिनेमा फसलेला वाटला." एवढा मोठा, बक्षिसं मिळालेला सिनेमा, आणि फसलेला! आम्ही सगळे माना डोलवायचो. मीही डोलवायचो. घरी आल्यावर मात्र वाटायचं, हे माणसाला सुचतं कसं? आणि सुचलं तरी बोलवतं कसं?

सिनेमाला आमच्या घरी तमिळातलं पडमच म्हणतात. राजेश्वरी केळीचा गाभा चिरता चिरता म्हणायची, "वैद्यनाथ म्हणत होते, त्या पडमात पाऊस उगीच दाखविला."

"ते पुस्तकातलं वाक्य आहे," मी म्हणायचो.

"तुम्हीही पुस्तकं वाचतां की. तुम्ही कां नाही म्हटलं?"

मी गाभ्याचे धागे बोटाला गुंडाळू लागायचो.

गेल्या महिन्यात माझा घसा बसला. तरी रविवारी गेलो. त्या दिवशी एका नावाड्याचा सिनेमा लागणार होता. डोंगराळ देशातली नदी, नदीवर पूल येतो आणि नावाड्याचं काम जातं. मी आठवडाभर त्याविषयी वाचलं होतं. पण खुर्चीत बसतो न बसतो तोच असा खोकला आला की जयश्रीबाई मला आत घेऊन गेल्या आणि मिरीचा कषाय उकळू लागल्या. तो घोट घोट पिऊन बाहेर आलो तेव्हा हॉलमध्ये अंधार झाला होता आणि माझ्या खुर्चीवर वैद्यनाथ बसले होते.

राजेश्वरी मागे वळून कुजबुजली, "तुमचा घसा बसलाय नं? वैद्यनाथ सांगतो म्हणाले. मी सरी, सांगा म्हटलं."

"आराम करा कृष्णमूर्ती, मी आहे ना," वैद्यनाथ म्हणाले.

मी दोन रांगा मागे जाऊन बसलो. पडद्यावर बर्फ होतं, टोपी घातलेला एक वाकलेला माणूस होता, एक बाई दार उघडत होती. याहून अधिक मला सांगता येणार नाही, कारण पुढचा सगळा वेळ मी दोन डोकी पाहत होतो. एक पांढरं, एक जाईचा गजरा माळलेलं. पांढरं डोकं झुकायचं, गजरा हलायचा. एकदा राजेश्वरी हसली. पुन्हा हसली. माझ्या सांगण्यावर ती कधी अशी खांदे हलवून हसल्याचं मला आठवेना. मी आठवायचा फार प्रयत्न केला. सिनेमात तोवर कुणीतरी जिना चढत होतं.

दिवे लागले. वैद्यनाथ तिला काही विचारत होते आणि ती मान तिरकी करून उत्तर देत होती. माझ्याकडे बघायला दोघांनाही सवड नव्हती.

"आज किट्टूरावांपासून सुरू करूं," हनुमंतराव म्हणाले. मला ते किट्टूच म्हणतात. "घसा बसलाय, गरम कॉफी लवकर पोटांत जाऊं दे. म्हणा, बरा होता!"

लोक हसले. वैद्यनाथही हसले. मी उभा राहिलो. हात मागे बांधले.

"हा सिनेमा फसलेला नाही," मी बसलेल्या आवाजात म्हणालो. "लोक याला नदीचा सिनेमा म्हणतात. मला तो हातांचा सिनेमा वाटतो. नावाड्याला पुलाचा राग नाही. ज्या गावाला त्यानं जन्मभर पार नेलं, ते आता त्याच्याकडे न पाहता पार जातं, हे त्याला सोसत नाही. शेवटी तो स्वतः पुलावरून चालत जातो आणि मधोमध थांबतो. तो परतला की पलीकडे गेला, हे दिग्दर्शकानं दाखवलं नाही. त्याचं हे न दाखवणं मला पटलं."

मी आयुष्यात एका दमात इतकं कधी बोललो नव्हतो. हॉल शांत होता. ती शांतता मला फार आवडली. क्षणभर मी वैद्यनाथांकडे पाहिलंसुद्धा.

"कुठला पूल?" मागून डॉक्टर शंकरनारायणांनी विचारलं.

हनुमंतराव जागेवरून उठले. "अय्यो किट्टू! नावाड्याच्या पडमाला खालच्या ओळीच येईनात, म्हणून दुसरंच लावलं नव्हे कां? घड्याळजीचं! सर्वांस सांगितलं की!"

"ते आंत कषाय घेत होते," जयश्रीबाई म्हणाल्या.

"पण दोन तास पडद्यापुढेच होते नव्हे?" डॉक्टर म्हणाले. "आणि पुढच्या रविवारच्या पडमाचा शेवटपण सांगून मोकळे!"

मग जो हशा झाला त्यात मी खाली बसलो. जयश्रीबाईंनी माझ्या हातात टंबलर दिला. मत दिलं होतं ना, नियम नियमच. हसले नाहीत ते फक्त दोघं. राजेश्वरी पदराशी चाळा करत होती. आणि वैद्यनाथ माझ्याकडे असे पाहत होते की ते हसले असते तर बरं झालं असतं.

घरी जाताना राजेश्वरी महामहम तळ्याच्या काठापर्यंत माझ्या दोन पावलं पुढे चालली. तिथे पायऱ्यांवर बसलेल्या पोरांच्या घोळक्याला वळसा घालून म्हणाली, "तुम्ही काय पाहत होतां?"

"तू हसत होतीस."

"हसले. मग?"

"काय सांगितलं त्यांनी एवढं?"

"घड्याळजी त्या विधवेच्या घरी उतरतो. घड्याळ केव्हांच नीट झालंय, पण सांगत नाही. रोज एक चाक काढतो, रोज बसवितो. हसूं येणार नाही तर काय?"

"म्हणजे ते चांगलं सांगतात."

"चांगलं सांगतात. आवाज खणखणीत आहे." ती सरळ पुढे बघून चालत होती. तिला खोटं बोलता येत नाही, हा तिचा गुण त्या संध्याकाळी मला मुळीच आवडला नाही. मग म्हणाली, "पण ती बाई बोलली तरी वैद्यनाथच बोलतात. घड्याळजी बोलला तरी वैद्यनाथच."

"आणि मी सांगतो तेव्हां?"

"तेव्हां तुम्ही नसतां."

मी नसतो. ही स्तुती की तक्रार, हे विचारायचा मला धीर झाला नाही. आठवडाभर ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं. एक दिवस स्तुती वाटे, दुसऱ्या दिवशी वाटे की इतकी वर्षं तिच्याजवळ बसून मी दिसलोच नाही. आणि वैद्यनाथ दोन तासांत दिसले.

रविवारी जायचं नाही असं मी ठरवलं होतं. घसा सुटला होता, तरी दोनदा खोकून दाखवलं.

"खोकूं नका," राजेश्वरी म्हणाली. "उठा. मज नावाडी पाहायचाय."

"शेवट सांगितलाय मी."

"शेवट सांगितलांत. मधलं कोण सांगेल?"

हनुमंतरावांच्या दारात टवाळी व्हायची ती झालीच. "आले, पुलावरून आले!" मी मान खाली घालून आत गेलो. वैद्यनाथ आधीच पहिल्या रांगेत बसले होते आणि शेजारच्या खुर्चीवर हात टाकून त्यांनी ती राखून ठेवली होती. राजेश्वरीनं ते पाहिलं. ती त्याच खुर्चीवर जाऊन बसली. मी मागच्या रांगेकडे वळलो. मग तिनं आपली पिशवी दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर ठेवली आणि मी जवळ येईपर्यंत उचलली नाही.

"आज घसा बरा आहे त्यांचा," ती वैद्यनाथांना म्हणाली.

"छान. मग मलाही ऐकू द्या कृष्णमूर्ती," वैद्यनाथ म्हणाले. "आई गेल्यापासून या बोलीत कुणी कानाशी बोललेलं नाही. मागच्या वेळी बोलून पाहिली, पण माझ्या तोंडी पुणंच येतं."

माणूस खरं बोलत होता. त्याच्या डोळ्यांत तसं दिसत होतं. मला त्याची दया यायला हवी होती, आणि थोडी आलीही.

दिवे गेले. भिंतीवर नदी आली, धुकं आलं, नावाड्यानं दोर सोडला. पहिली ओळ उमटली आणि मी सांगू लागलो. "चला बसा, पाणी चढतंय." वैद्यनाथ आमच्या बाजूला झुकले. राजेश्वरीच्या खांद्यापलीकडे त्यांचं पांढरं डोकं मला दिसलं, डोळे मिटलेलं, कान पुढे केलेलं.

मी आवाज उतरवला. ते आणखी झुकले. मी आणखी उतरवला, इतका की माझा मलाही ऐकू येईना. मग राजेश्वरी खुर्चीत सरकली आणि तिनं आपला कान माझ्या ओठांपाशी आणला.