भिंतीपलीकडचा देव

खोबऱ्याच्या तुकड्याचं तेल कागदाला सुटलं होतं, आणि मीनलने त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. स्टाफरूमच्या टेबलावर, खडूच्या डब्याशेजारी तो पडला होता. सकाळी बदलापूर गावातल्या रिक्षास्टँडवर नितीनने, भिंतीपलीकडच्या चुलतभावाने, तो तिच्या हातात ठेवला. "आण्णांनी प्रसाद दिलाय, ताई. खाल्लास का, ते विचारतील." बस, एवढंच. आण्णा, तिचे थोरले काका, आता अंथरुणातून उठणार नाहीत, हे त्याने सांगायची गरज नव्हती. सगळ्या आळीला ते माहीत होतं.

घराची वाटणी होऊन मधोमध भिंत आली तेव्हा मी तिसरीत होते, तिला आठवलं... कुलदेवतेचे चांदीचे टाक थोरल्या घरी जातात, म्हणून ते आण्णांकडे गेले, आणि आमच्या देव्हाऱ्यात आईने बाजारातली तसबीर ठेवली. सुरुवातीला आई म्हणायची, आपले देव तिकडे आहेत. मग म्हणायला लागली — त्यांचे देव. पुढे तिकडच्या गोंधळाचा प्रसाद बाबांनी खाल्ला आणि त्याच आठवड्यात ते गेले. त्यानंतर आईने एकदाच सांगितलं, "तो आता देव नाही राहिला. त्या घरचं काही तोंडात घालायचं नाही." बाबांचं हृदय आधीपासूनच अधू होतं. हे माहीत असूनही मी पाळत आले, एम.ए. झाल्यावरसुद्धा.

तास प्राचीन धर्मांचा होता. तिने फळ्यावर दोन शब्द लिहिले, देव आणि असुर. वेदातल्या जुन्या सूक्तांत वरुणाला, इंद्रालाही आदराने असुर म्हटलंय. राक्षस हा अर्थ मागाहून आला. इराणात नेमकं उलट — झरथुष्ट्राचा अहुर मज्दा सर्वश्रेष्ठ, आणि दएव, म्हणजे आपलाच देव हा शब्द, दुष्टांच्या बाजूला. आपल्या 'स'चा तिकडे 'ह', आपला सोम तो त्यांचा हओम, आणि अग्नी तर दोघांचाही. फार पूर्वी ही एकाच चुलीची माणसं असावीत.

सिंध्यांच्या वस्तीतून, कॅम्प दोनमधून येणाऱ्या सोनियाने मान वर केली. "मतलब मॅम, वेगळे झाले म्हणून एकमेकांच्या देवाला राक्षस बोलायला लागले?"

"काही अभ्यासक असं मानतात," मीनल म्हणाली. "भांडण झालंच होतं, याला पुरावा नाही."

मग ज्यूंचा धर्म. दुसरे देव नाहीतच, असं त्यांच्या दहा आज्ञांत म्हटलेलं नाही, ती सांगत होती. माझ्यासमोर तुला दुसरे देव नकोत, एवढंच म्हटलंय — देव एकच, दुसरा कुठे नाहीच, हे नंतर ठाम होत गेलं... आणि वाक्य संपता संपता तिला आई आठवली. तिकडे काहीच नाही, असं आईही कधी म्हणाली नव्हती.

तास संपल्यावर तिने अर्धा तुकडा खाल्ला. खोबऱ्यासारखं खोबरं, जरासं खवट. तरी दुपारभर ती स्वतःच्या छातीतली धडधड ऐकत राहिली आणि स्वतःवरच चिडली. मला भीती वाटत होती. इतकं शिकवूनही ती गेली नव्हती.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. आता आईला सांगायचं, आण्णा आहेत तोवर तू एकदा तिकडे ये — वाक्य तिने वाटेत तयार केलं होतं. आई देव्हाऱ्यापुढे बसली होती. वात भिजलेली, काडी हातात, आणि तशीच थांबलेली. कशासाठी? मग भिंतीपलीकडे, आण्णांच्या देव्हाऱ्यापुढे, विठाकाकीने घंटी वाजवली, आणि आईने काडी ओढली.

ही रोज थांबते. लहानपणापासून मी हे बघत आलेय, आणि हात धुताना पाणी जितकं बघतो तितकंच ते बघितलंय. आईने हात जोडले. तसबीर समोर होती, पण आई जराशी तिरकी बसली होती, खांदा भिंतीकडे वळवून. पाट कायम तसाच असायचा. जमीन वरखाली आहे म्हणून, असं ती सांगायची.

घंटी थांबली. "आलीस?" आईने न वळताच विचारलं.

मीनलने पर्स उघडली. तयार केलेलं वाक्य आता तिला नको होतं. उरलेल्या खोबऱ्याचा कागद तिने पाटाच्या कडेला ठेवला, आणि आईच्या मागे, तिच्याइतकीच तिरकी, खाली बसली.