एकसष्टचे चौदा

मी एक टेप बोलतेय. गाण्यांची नव्हे, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या गळ्यातली. पिवळ्या रंगाची, दोन्ही टोकांना पितळी पत्रा, एका अंगाला इंच आणि दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. मला पाहिलं की भली भली माणसं श्वास कोंडून पोट आत घेतात, आणि वर सांगतात, "जरा सैलच ठेवा हं!"

एका कारखान्यात माझ्यासारख्या हजारो जणी एकाच पट्ट्यावर छापल्या गेल्या. कोण कुठे गेली ते ठाऊक नाही. मी मात्र काजताईच्या गळ्यात पडले आणि तिचीच झाले. बटणाचं काज इतकं सुबक करायची की खरं नाव मागे पडलं आणि सगळे तिला काजताईच म्हणू लागले. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान. दोन मशिनं, एक उभा आरसा, कोपऱ्यात माप द्यायला पडदा. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. तो म्हणायचा, "अगं, जेवताना तरी ती टेप काढ गळ्यातली. बघणाऱ्याला वाटेल, माझं माप घ्यायला बसलीयेस."

काजताईची एक सवय मला फार आवडायची. बाईमाणसाचं माप घेतलं की आकडा ती अगदी हळू आवाजात, जवळजवळ ओठांतच म्हणायची. पलीकडे बसलेल्या कुणाला ऐकू जायचा नाही. आकड्यानं माणूस ओशाळतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि तिच्यावरच ती पाळी आली.

तिचं पोट वाढायला लागलं. आधी तिनं कमरेचं इलॅस्टिक बदललं, मग शिवण उसवून कपडे सैल केले. "दिवसभर बसून असते, पोट सुटणारच," असं स्वतःलाच समजावलं. भूक तर मेली होती. चार घास खाल्ले की पोट तुडुंब. एकदा एका गिऱ्हाइकानं भरल्या दुकानात विचारलं, "काय काजताई, या वयात गोड बातमी की काय?" सगळे हसले, तीही हसली. दुकान रिकामं झाल्यावर ती पडद्यामागे गेली आणि तिनं मला स्वतःच्या कमरेभोवती गुंडाळलं. दंड बारीक झाले होते, कंबर मात्र चार इंचांनी वाढली होती. तिनं मला झटकन ओढून काढलं, जणू कुणी बघत होतं. मी तिला आकडा दिला. तो का वाढलाय, हे मला कुठे कळतंय? मापाला कारण माहीत नसतं.

तपासण्या झाल्या तेव्हा पोटात पाणी निघालं, आणि अंडाशयात कॅन्सर. त्याच सुमारास घरात एक नवा शब्द आला, सीए-एकशेपंचवीस. रक्तातल्या एका प्रथिनाचं माप. निरोगी बाईत ते साधारण पस्तीसच्या खाली असतं. काजताईचं बाराशेच्या वर होतं.

मोठं ऑपरेशन झालं, मग केमोथेरपी. केस गेले, भुवया गेल्या, बोटांची टोकं बधिर झाली. पण आकडा उतरत गेला. तीनशे, मग साठ, मग बारा. रिपोर्ट फोनवर यायचा. मुलगी एका कंपनीच्या हिशेबखात्यात होती. ती ऑफिसातून फोन करून ओरडायची, "आई, पास! डिस्टिंक्शन!" नवरा कामावर मजल्या-मजल्यावर सांगत फिरायचा. नणंदेनं तर सगळ्या वस्तीला ऐकवलं, "आमच्या वहिनीची इच्छाशक्तीच तशी! मनानं ठरवलं आणि आजाराला हाकलून लावलं."

काजताईला ते खरं वाटायला लागलं. का वाटू नये? इतकं सोसल्यावर कुणी शाबासकी दिली तर माणूस हात मागे घेत नाही.

पुढचा आकडा तेरा आला. त्याच्या पुढचा सत्तावीस. पस्तीसच्या आत, म्हणून रिपोर्टवर लाल खूण नव्हती, आणि घरात कुणाला काही वाटलं नाही. त्यानंतर एकदा भर दुपारी ती एका कोटाला अस्तर लावत होती आणि फोन वाजला. तिनं बघितलं. एकसष्ट. आकड्यापुढे लाल खूण.

तिनं फोन उलटा करून कापडाखाली सारला. तेवढ्यात मुलीचा फोन आला. "आला का गं रिपोर्ट? किती?"

"चौदा," काजताई म्हणाली.

"वा! पुन्हा पास!"

मी तिच्या गळ्यातच होते. तिच्या मानेवरचा घाम मला लागत होता. मला लाज वाटली. तिची नाही, माझीच. आकडे सांगणं हाच माझा जन्माचा धंदा, आणि माझ्याच एका भाऊबंदानं ह्या बाईला चोरासारखं करून टाकलं होतं. तिला जिवाची भीती वाटायला हवी होती, पण भीतीच्या आधी तिला शरम वाटली. जणू अभ्यास न करता परीक्षेला बसली आणि पकडली गेली. ती स्वतःशीच पुटपुटत होती, माझं काय चुकलं? मशीनवर लवकर बसले का? गोड खाल्लं का? चिडले का? इच्छाशक्ती कुठे गेली माझी?

दवाखान्यातून फोन आला, भेटायला या म्हणून. तिनं उचलला नाही. पुन्हा आला, तेव्हा फोन चार्जिंगला लावून ती स्वयंपाकघरात गेली. घरात म्हणाली, "डॉक्टर म्हणाल्या, आता घाई नाही."

आणि नेमका त्याच दिवसांत नणंदेच्या महिला मंडळाचा कार्यक्रम आला. काजताईनं दोन शब्द बोलायचे, विषय होता 'मी कॅन्सरला हरवलं'. तिनं नाही-नाही केलं. नणंद म्हणाली, "वहिनी, पत्रिका छापून झाल्यात. आता माझी लाज तुमच्या हातात." दुसऱ्याची लाज राखायला माणूस स्वतःची गहाण टाकतं, ते असं.

मला तिनं पर्समध्ये गुंडाळून नेलं होतं. हातात काहीतरी ओळखीचं हवं म्हणून असेल. स्टेजवर ती बोलली ते मला पर्समधून ऐकू आलं. आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मन खंबीर ठेवलं... आकडा खाली आला... सगळ्यांच्या आशीर्वादानं." टाळ्या झाल्या.

ती खाली उतरली तशी एक बाई गर्दीतून वाट काढत आली. हातात विणकामाची पिशवी. म्हणाली, "ताई, तुमचा नंबर द्याल का? माझ्या धाकट्या बहिणीला हाच आजार आहे. तिचा आकडा परत वाढलाय. ती कुणाशी बोलत नाही, जेवत नाही. म्हणते, माझंच मन कच्चं, ती काजताई बघ, मी काही तिच्यासारखी नाही. तुम्ही तिला दोन शब्द सांगाल का, मन खंबीर कसं करायचं ते?"

काजताईचा हात पर्समध्ये आला आणि तिनं मला घट्ट मुठीत धरलं. इतकं घट्ट की माझा पत्रा तिच्या तळव्यात रुतला. "सांगते," एवढंच म्हणाली, आणि नंबर देऊन घरी आली.

घरी नवरा आणि मुलगी चहा घेत होते. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "चौदा नव्हते. एकसष्ट आले होते."

नवऱ्याला वाटलं, कुणाचं तरी माप सांगतेय. मुलीला मात्र कळलं. कप खाली ठेवून ती म्हणाली, "कधी?" आणि कळल्यावर भडकली. "एवढे दिवस? अगं, औषध सुरू नसतं का झालं? आम्ही काय परके आहोत?"

"परके असतात तर सांगितलं असतं," काजताई म्हणाली. "तुम्ही पास-पास म्हणून नाचत होतात. तुमच्यासमोर नापास कशी होऊ?"

नवऱ्यानं खुर्ची पुढे सारली आणि म्हणाला, "बस आधी. केव्हाची उभी आहेस."

दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. गळ्यात मी तशीच होते, काढायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. डॉक्टरीणबाई रागावतील अशी काजताईची खात्री होती. त्या म्हणाल्या, "आलात, बरं झालं. आकडा लपवणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही."

मग त्यांनी नीट उलगडून सांगितलं. पस्तीस हे सगळ्या बायकांचं मिळून ठरवलेलं माप. काजताईसाठी तिचे स्वतःचे बारा हेच खरं माप, म्हणून सत्तावीसकडेही बघायला हवं होतं. एकट्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही. तो कुठल्या दिशेनं चाललाय ते बघायचं, पुन्हा तपासून खात्री करायची. पोटातल्या दुसऱ्या कुठल्या सुजेनं, संसर्गानंही तो वाढतो. काहींच्यात आजार असूनही वाढत नाही. "आणि मनाच्या खंबीरपणाशी ह्याचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "रडलात म्हणून चढत नाही, हसलात म्हणून उतरत नाही."

पुन्हा रक्त घेतलं, अडुसष्ट आले. स्कॅन केलं, त्यात काही दिसलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार बहुधा परततोय. पण तुम्हाला त्रास नाही, स्कॅन साफ आहे. आत्ता थांबू."

मुलगी उसळली. "थांबू? म्हणजे वाढू द्यायचा?"

"नुसत्या आकड्यामागे धावून औषध लवकर सुरू केल्यानं बायका जास्त जगतात असं दिसलेलं नाही. त्रास मात्र लवकर सुरू होतो. पोट फुगलं, भूक गेली, दुखायला लागलं, तर लगेच यायचं. पुढच्या वेळेची वाट बघायची नाही."

"मग तपासायचंच कशाला?"

"चांगला प्रश्न आहे. काहीजणी नाहीच तपासत, ठरवून. काहींना कळल्याशिवाय झोप येत नाही. हे आईंनी ठरवायचं."

काजताईनं बराच विचार केला. मग म्हणाली, "तपासा. पण फोनवर नको. तुमच्यासमोर, ह्या दोघांच्या देखत सांगा. एकटीनं नाही बघायचा मला."

त्या आठवड्यातच ती विणकामवालीच्या बहिणीकडे गेली. दार उघडलं ते एका डोक्याला रुमाल बांधलेल्या बाईनं. चेहरा असा, की जणू हिनंच कुणाचं तरी वाईट केलंय. काजताईनं चपलाही काढल्या नाहीत, उंबऱ्यातच म्हणाली, "मी स्टेजवर खोटं बोलले. माझाही वाढलाय." त्या बाईनं आधी तिच्याकडे बघितलं, मग खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. काजताईही रडली. थोड्या वेळानं दोघींनी मिळून भात खाल्ला. मी काजताईच्या गळ्यातून ताटात लोंबत होते, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

आता माझं सांगायचं तर मी थकलेय. घडीच्या जागी भेगा पडल्यात, मधले आकडे पुसट झालेत. इतकी वर्षं ओढून ओढून थोडी लांबलेय, त्यामुळे माझं माप खरं येत नाही. दुकानात नवी टेप आलीय. मी आरशाच्या खिळ्याला टांगलेली असते. काजताईचं औषध काही महिन्यांनी पुन्हा सुरू झालं, पोट फुगायला लागलं तेव्हा. बधिर बोटांनी तिला काजं जमत नाहीत. ती आता विणकामवालीची बहीण करते, अजून जरा वेडीवाकडी होतात. काजताई कापायचं काम बघते. पुढे काय होईल ते कुणी सांगत नाही, आणि ती विचारतही नाही.

वाचणाऱ्यांनो, मी जन्मभर माणसांना आकडे सांगितले, म्हणून तुमच्यापाशी एवढंच मागणं. घरात असा आकडा आला तर त्याला शाबासकी देऊ नका आणि त्याच्यावर रुसूही नका. आधी त्या बाईला बसायला खुर्ची द्या.

परवा एक गिऱ्हाईक आलं. जाकीट शिवायचं होतं. उगाचच आवाज खाली आणून विचारलं, "काजताई, तुमचं ते... आता कसं आहे?"

"दोनशे दहा," काजताई मोठ्यांदा म्हणाली. "गेल्या वेळी तीनशे होते."

गिऱ्हाइकाला कुठे बघावं कळेना. ते फरशीकडे बघत राहिलं. काजताईनं नवी टेप हातात घेतली. "मान वर करा," ती म्हणाली, "खांद्याचं माप चुकेल."