मूळ पुस्तक जवळ हवे

“म्हणजे माझा माणूस मेला? संपलं? आता मी उठून घरी जाऊ?” नर्सबाईंनी फासे टेबलावर आपटले.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी हा अवकाशाचा खेळ चाले. चार-पाच जण टेबलाभोवती बसत. प्रत्येक जण एकेका पात्राच्या तोंडून बोले, एक जण गोष्ट पुढे नेई आणि अडलं की फासे टाकायचे. गोष्ट नेणारा होता लिफ्टवाला. आठवडाभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि रविवारी यानं उडवायची. बायको म्हणे, “लोकांच्या डोक्यात हवा शिरते, यांच्या डोक्यात सगळी पोकळी.”

लिफ्टवाल्याने पुस्तक उघडून दाखवलं. ‘श्वास शून्य झाला की पात्र संपले.’ पुस्तक त्याचंच, वाक्यही त्याचंच.

“अहो, काहीतरीच काय!” नर्सबाई म्हणाल्या. “आमच्या वॉर्डात माणूस जायला लागला की घरच्यांना आत सोडतो आम्ही. तुमच्या यानात तेवढीसुद्धा माणुसकी नाही?”

लिफ्टवाला ओशाळला. पूर्वी हा रविवारचा खेळ मास्तरांच्या घरी, त्यांच्या टेबलावर चाले, आणि तिथे ही माणुसकी होती. खेळात मरणाऱ्याला शेवटची फेरी मिळायची. फासे बाजूला सारायचे, बाकीच्यांनी हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवायचे आणि त्याने हवं त्याला हवं ते बोलायचं. कोणी मध्ये तोंड घालायचं नाही, कोणी घाई करायची नाही. एवढा मोठा नियम, आणि आपण तो लिहायलाच विसरलो!

खेळ मुळात मास्तरांचा. शाळेत गणित शिकवणारा हा माणूस. नियमांचं जाडजूड पुस्तक त्यांनी लिहिलं. यानातली हवा किती पुरते, जखम किती खोल, पळून जायला किती फासे. लिफ्टवाल्याने त्या नियमांना जग दिलं. ग्रह, बंदरं, लबाड व्यापारी आणि त्या व्यापाऱ्यांच्या भांडखोर सासवासुद्धा. त्याची पुस्तकं पातळ असत, आणि प्रत्येकावर छापलेलं असे: ‘मूळ पुस्तक जवळ हवे.’ मास्तरांचं पुस्तक नसेल तर त्याच्या जगात पाऊलही टाकता येत नसे. वर्षानुवर्षं त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. मग एकदा मेहुण्याने ती ओळ वाचली आणि तो हसला. “काय भावोजी, दुसऱ्याच्या ओंजळीने किती दिवस पाणी पिणार?”

बोल जिव्हारी लागला. आता आपलंही पुस्तक स्वतःच्या पायावर उभं राहील, नियम आणि जग एकाच पुस्तकात, असं लिफ्टवाल्याने ठरवून टाकलं. मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, “अरे, मग माझे नियम घे ना सगळे. खुशाल छाप. फक्त रविवार सोडू नकोस.”

काय हो हा माणूस! पण लिफ्टवाल्याने डोक्यात राख घालून घेतलेली. “मला तुमची भीक नको,” तो म्हणाला आणि मूळ पुस्तकाची आपली प्रत मास्तरांपुढे टाकून निघून आला. मग आठवून आठवून त्याने सगळे नियम आपल्या शब्दांत लिहिले. पुस्तक निघालं, बऱ्यापैकी खपलंही. पुढे मास्तरांना अर्धांगवायू झाल्याचं कानावर आलं तेव्हा धावत जावंसं वाटलं होतं. पण कुठल्या तोंडाने जायचं? आज जाऊ, उद्या जाऊ करत त्याने वर्षं घालवली.

त्या रविवारी मात्र नाक मुठीत धरून तो गेला. दार वहिनींनी उघडलं.

“वाट चुकलात का?” त्या म्हणाल्या. “का कोणी सांगितलं, आमची लिफ्ट बिघडलीय म्हणून? आमच्याकडे जिनाच आहे.”

मास्तर खिडकीजवळ, त्याच जुन्या टेबलाशी बसले होते. उजवा हात टेबलावर नुसता पडून होता. वाचा गेलेली. डोळ्यांनी मात्र त्यांनी लगेच ओळखलं, आणि लिफ्टवाल्याला गलबलून आलं. माफी मागायची सोडून तो बोलून गेला, “मास्तर, तो शेवटच्या फेरीचा नियम जरा बघायचा होता.”

वहिनींनी पुस्तक आणून दिलं. त्याचीच टाकलेली प्रत होती ती. त्याने मरणाचं प्रकरण वाचलं, मागचं-पुढचं वाचलं, पुरवणी चाळली. नियम कुठेच नव्हता.

“तो पुस्तकात कुठून असणार?” वहिनी चहा ठेवत म्हणाल्या. “तुम्ही खेळायचात तो व्यापारी पहिल्यांदा मेला, आठवतंय? असे तोंड पाडून बसलात, की ह्यांनी तिथल्या तिथे काढला तो नियम. मी मागून विचारलं, लिहून का ठेवत नाही? तर म्हणाले, लिहायचा कशाला, तो त्याच्यासाठी आहे.”

लिफ्टवाल्याने पुस्तक मिटलं. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की मान वर करवेना.

टेबलावर काहीतरी सरकलं म्हणून त्याने पाहिलं. मास्तरांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला होता. सावकाश, जड पिशवी उतरवावी तसा त्यांनी तो टेबलावरून काढला आणि मांडीवर ठेवला. मग डावाही त्याच्याशेजारी ठेवला आणि ते लिफ्टवाल्याकडे बघत राहिले.

वहिनींना कळलं. त्यांनीही कप खाली ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

फेरी खरं तर मास्तरांची होती. बोलता येत नाही म्हणून त्यांनी ती त्याला देऊन टाकली होती.

“मास्तर,” लिफ्टवाला म्हणाला. चहा निवत गेला. कोणी मध्ये बोललं नाही, कोणी घाई केली नाही.