शिंप्याच्या टेबलावरची भुते

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुने पुस्तक आहे, भुतांच्या गोष्टींचे. माझ्या मुखपृष्ठावर एक कवटी होती. तिच्यावर चहाचे कप ठेवून ठेवून आता तिचे दातच तेवढे उरले आहेत.

छापखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! मला हातात घेईल त्याची बोबडी वळेल, असे मला वाटे. पण रद्दीच्या दुकानातून मला उचलले ते एका शिंप्याने, आणि त्या तोऱ्याचे पार मातेरे झाले.

त्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर कापड बेतायचे, त्यांची बायको काजे-बटणे करायची आणि तिची धाकटी जाऊ मशीनवर शिवायची. बायको भारी भित्री. भरदुपारीसुद्धा मागच्या खोलीतून अस्तराचा तागा आणायला ती एकटी जात नसे. तिची भीती घालवायची म्हणून तर मास्तरांनी मला आणले. जेवणाचे डबे आवरले की ते मला टेबलावर उघडत आणि खणखणीत आवाजात वाचत. जिथे अंगावर काटा यायचा, नेमके तिथेच थांबत.

“‘पांढऱ्या झग्यातली ती बाई भिंतीतून आरपार आली,’” असे वाचून मास्तर चष्म्यावरून बघायचे. “शंभर वर्षं तोच झगा, आणि एक टाका उसवला नाही! कोण गं हिचा शिंपी? कामावर ठेवू या त्याला.”

“आणि हिची मापं कोण घेणार?” जाऊबाई विचारायच्या.

“तूच घे. कंबर सापडली तर मला सांग.”

बायको हसता हसता तोंडातला दोरा तोडायलाच विसरायची. आधी मला फार अपमान वाटे. मग त्या हसण्याची गोडी लागली. एके दिवशी ती मुकाट्याने उठली आणि एकटीच मागे जाऊन तागा घेऊन आली. मास्तरांना कोण आनंद झाला! खरे सांगायचे तर मलाही झाला.

पुढे तिला दुखणे जडले. ती दुकानात येऊन बसायची, पण हातात सुई धरवत नसे. एका दुपारी वाचन चालू असताना तिने मध्येच विचारले, “अहो, मेल्यावर मला कुठेतरी एकटीलाच राहावं लागेल का हो? अंधारात?”

मास्तरांनी मान वर केली नाही. “तुला कोण भुतांत घेतंय! तुझ्या सोबतीला आधी एक भूत पगारावर ठेवावं लागेल.”

जाऊबाई हसल्या. तीही हसली, पण जरा उशिराने. मी मास्तरांच्या हातात होते, त्यांनी माझ्या पानाचा कोपरा मुठीत चुरगळला होता. ते घाबरले होते, मित्रांनो, म्हणून त्यांनी थट्टा केली. तिला ते कळले की नाही, कुणास ठाऊक. त्यानंतर ती दुकानात आलीच नाही.

ती गेल्यावर वाचन थांबले. मी कपाटावर धूळ खात पडले, कसरीने माझे कोपरे कुरतडले. एकदा जाऊबाई बाहेर गेल्या असताना मास्तरांनी मला खाली काढले. झग्यातल्या बाईची गोष्ट त्यांनी मोठ्याने वाचली, एकदाही न थांबता. मग रिकाम्या दुकानाला म्हणाले, “ये ना गं. मी काही म्हणजे काही बोलणार नाही. अंधाराची भीती वाटत असेल तर दिवसा ये.”

माझ्यातली एक तरी गोष्ट खरी असावी, असे मला त्या दिवशी फार फार वाटले. दार वाजले, तेव्हा मास्तर धडपडत उठले. पँट आखूड करून घ्यायला गिऱ्हाईक आले होते.

काही वर्षांनी जाऊबाईंच्या मुलीने मला मागितले. “काका, मी भावंडांना वाचून दाखवीन. तुमच्यासारखी मस्करी करत.”

मास्तरांनी माझ्या फाटक्या पाठीला कापडाची पट्टी लावली. देताना म्हणाले, “खुशाल मस्करी कर. पण कुणी घाबरून काही विचारलं, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बस. गोष्ट कुठे पळून जात नाही.”

ती मुलगी आता वाचता वाचता थांबते, मला पालथे टाकते आणि उठून धाकट्याला कुशीत घेते. पुस्तक असे पालथे टाकू नये, त्याची पाठ मोडते, हे तुम्हाला शाळेत शिकवले असेल. पण मित्रांनो, अशा वेळी मला खुशाल टाका.