मोरचूद घातलेली खळ

“पण सर, दाराले कागद चिकटतच नसंन त मंग थो कोठी लावा लागते?”

गजेंद्र वकिलांनी चहाची बशी खाली ठेवली. सकाळपासून या पोरीनं त्यांचं डोकं पोखरलं होतं. अर्चना वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि काम शिकायला मध्य प्रदेशातल्या सौंसर कोर्टासमोरच्या त्यांच्या ऑफिसात येत होती. दिवाणी प्रक्रिया संहितेचं नाव काढलं की तिच्या वर्गातली पोरं जांभया द्यायची. हिला मात्र त्यात गोष्ट दिसायची. दावा लागला, समन्स निघालं, पुढे? माणूस घरी नसला तर? घरात असून माळ्यावर लपला तर? कायद्यानं सगळ्याचा विचार करून ठेवला आहे याचंच तिला नवल वाटे.

“घराच्या दर्शनी जागी लावा लागते,” वकील म्हणाले. “भिंतही चालते. पण साक्षीदाराची सही पाह्यजे. आपल्या केसमंदी थेच त नाही. म्हणून त आपण जिंकून राहिलो.”

केस मोहगावच्या वच्छलाबाईंची होती. विधवा बाई. गावाबाहेर स्वतःच्या नावावर संत्र्याचा बगीचा, गावात राहतं घर. घरावर दिरानं, पुंडलिकरावांनी, बापाच्या मृत्युपत्राच्या आधारे दावा लावला. बाई एकाही तारखेला आल्या नाहीत, निकाल एकतर्फी लागला आणि घर दिराचं झालं. घर खाली करायची नोटीस हातात पडली तेव्हा कुठे बाईंना कळलं की आपल्यावर केस होती. आता वकिलांनी अर्ज टाकला होता की समन्स मिळालंच नाही, सबब निकाल रद्द व्हावा.

समन्स नेणाऱ्या कर्मचाऱ्याचा अहवाल फायलीत होता. घर बंद, समन्स घरावर चस्पा केलं, म्हणजे चिकटवलं, शेजाऱ्यानं सही करायला नकार दिला. सोबत मोबाइलवर काढलेला फोटो. फोटोत दार होतं, कुलूप होतं, कागद मात्र कुठेच नव्हता. वकिलांचं म्हणणं सरळ होतं. गृहस्थानं दाराचा फोटो काढला, कागद कुठेतरी फेकला आणि पानठेल्यावर जाऊन बसला.

अडचण एकच होती. तो गृहस्थ म्हणजे अर्चनाचा बाप, देवीदास.

“तुह्या बाबांचं वाईट नाही करून राहिलो मी,” वकील नजर चुकवत म्हणाले. “पण बाईचं घर वाचवा लागंन का नाही?”

त्या संध्याकाळी देवीदास जेवायला बसला तेव्हा अर्चनानं विचारलंच. कोर्टाच्या गोष्टी घरात काढायच्या नाहीत असा त्याचा दंडक होता, पण ही पोरगी दंडकाला कुठे जुमानते!

“बाबा, कागद खरंच लावला होता तुम्ही?”

“लावला म्हणजे लावला.”

“मंग फोटोत काहून नाही?”

देवीदासानं घास खाली ठेवला. “दाराले नवाच आइल पेंट मारला होता. चिकटेना. म्हणून बाजूच्या भिताडाले लावला. फोटो कुलपाचा काढला, घर बंद दिसाले पाह्यजे म्हणून. भिताड राहून गेलं.”

तो निवृत्तीला आला होता. अहवाल खोटा ठरला असता तर चौकशी लागली असती, आणि जन्मभराच्या नोकरीवर शेवटी पानठेल्याचा डाग पडला असता. आई, मालती, चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं उलथनं आपटलं. “जलमभर म्या याची खळ शिजवली. मैदा घोटघोटून हात दुखले माहे. थे का पानठेल्यावर सांडाले नेत होता का हा?”

मालतीच्या खळीत निळं मोरचूद असे. उंदीर-झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून. देवीदासाची लावायची पद्धतही ठरलेली होती, चार कोपऱ्यांना एकेक बोट आणि मधोमध एक. त्यानं लावलेला कागद फाडता येई, पण काढता येत नसे, असं कोर्टातले लोक गमतीनं म्हणत.

दुसऱ्या दिवशी वकिलांनी अर्चनाला मोहगावला पाठवलं. ‘माझ्या घरावर कोणताही कागद कधीच लावला गेला नाही’ अशा शपथपत्रावर बाईंची सही आणायची होती. वच्छलाबाई ओसरीत शेंगा निवडत होत्या. त्यांनी पोरीला चहा दिला, वरून गुळाचा खडा दिला. सही करायला चष्मा शोधू लागल्या. तेवढ्या वेळात अर्चनाचे डोळे सवयीप्रमाणे इकडेतिकडे फिरले. दाराच्या बाजूची भिंत चुन्यानं पांढरीशुभ्र होती. फक्त एका ठिकाणी निळे डाग उमटले होते.

“काकू, हे निळं कायचं होय?”

“काही विचारू नको, माय. दिवाळीले पोतारलं तवाचं हाय. बगीच्यात बोर्डो फवारलं होतं ना, चुना अन् मोरचुदाचं. थीच बादली धुतल्याबिगर घेतली असंन म्या. थोडं मोरचूद राह्यलं असंन बुडाशी.”

अर्चना उठून भिंतीजवळ गेली. बादलीतलं मोरचूद असतं तर सगळी भिंत निळसर झाली असती. इथे डाग पाचच होते. चार कोपऱ्यांना चार आणि मधोमध एक.

आनंद आणि भीती एकदमच आली, आणि कुठली आधी हे तिला सांगता आलं नसतं. तिनं नखानं चुना खरवडला. पोपडा सुटला. खाली कागद होता आणि कागदावर कोर्टाचा गोल शिक्का.

“काकू, हा कागद तुम्हाले दिसला होता?”

वच्छलाबाई चष्मा लावून जवळ आल्या. “अवो, थे हे होय? संत्र्याची राखण होती त मी बगीच्यातच राहून राहिली होती. दिवाळीले घरी आली त भिताडावर कागद. डोळ्याले चष्मा नव्हता, मले वाटलं, औषधीच्या कंपनीवाल्यानं जाहिरात चिकटवली. दरसाल चिकटवतेत मेले. खूप वढला, पण निघता निघेना. म्हटलं, सनासुदीचं भिताड असं ओंगळ काहून ठेवा? मंग वरूनच पोतारा मारला.”

अर्चना ओसरीवर टेकली. आईची खळ इतकी पक्की नसती तर बाईंच्या हातात कागद आला असता, निदान चष्मा लावून पाहिला तरी असता.

“काकू,” ती शेवटी म्हणाली, “तुम्ही हे कोर्टात सांगतलं त अर्ज फेटाळू शकते. नाही सांगतलं त ज्यानं कागद लावला त्याच्यावर शेकंन. अन् थो माहा बाप होय. म्हणून तुम्ही काय करा, हे मी सांगू शकत नाही.”

वच्छलाबाईंनी सही न करताच शपथपत्राची घडी घातली आणि तिच्या हातात परत दिली. “च्या थंडा होऊन राहिला, घे,” एवढंच म्हणाल्या.

ऑफिसात अर्चनानं सगळं सांगितलं तसे वकील ताडकन उठले. “जिरली का तुही जिज्ञासा? भिताडं पाहाले पाठवलं होतं का म्या तुले?” अर्चनानं सही न झालेलं शपथपत्र टेबलावर ठेवलं. वकिलांनी रात्रीतून दुसरा मुद्दा तयार केला: बाई बगीच्यात होत्या, शेजाऱ्याची सही नाही, फोटोत कागद नाही. एवढं पुरेल, भिंतीविषयी कोणी विचारणार नाही.

पण तारखेला देवीदास शपथेवर उभा राहिला. त्याच्यावर प्रश्नांची सरबत्ती झाली, फोटो नाचवला गेला. तो एकच वाक्य म्हणत राहिला, “भिंतीला लावला.” कोणी हसलं. अर्चना मागच्या बाकावर पदराशी चाळा करत बसली होती. आपला बाप इतका बारीक दिसतो हे तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग वच्छलाबाईंची पाळी आली. न्यायाधीशांनी हिंदीत विचारलं, “आपके घर पर कोई कागज लगा था?”

वकिलांनी खाकरून इशारा केला. बाईंनी तिकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते देवीदासाकडे.

“लगा था, साहेब. यायनं लावला होता. म्याच पोतारला त्याच्यावर. जाहिरात समजून. या मानसाले काहून खोटं पाडता?”

निकाल पुढच्या तारखेला आला. समन्स घरावर लागलं होतं, ते बाईंनी स्वतः पाहिलं होतं, जाहिरात समजून झाकणं हे न येण्याचं पुरेसं कारण नव्हे. अर्ज फेटाळला. देवीदासाचा अहवाल खरा ठरला. त्या दिवशी घरी मालतीनं गोडधोड काही केलं नाही. गजेंद्र वकील मात्र अपिलाच्या तयारीला लागले. “मसुदा तूच लिही,” ते अर्चनाला म्हणाले, “निळ्या ठिपक्यायसकट लिही.” त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता.

अपिलाचं काही होण्याआधी घर खाली करायचा आदेश निघाला. तो बजावायला देवीदासच गेला, आणि या खेपेला अर्चना त्याच्यासोबत होती. खळीचा डबा तिच्या हातात होता. वच्छलाबाईंनी सामान केव्हाच बगीच्यातल्या खोलीत हलवलं होतं. ओसरी सारवलेली होती, आणि भिंतीला नवा चुना दिला होता. दिरालाही घर ओंगळ द्यायचं नव्हतं त्यांना. नव्या चुन्यातून निळे ठिपके पुन्हा वर आले होते.

देवीदासानं आदेश सावकाश, मोठ्यानं वाचून दाखवला. इतक्या वर्षांत त्यानं कोणाला वाचून दाखवला नव्हता. मग त्यानं कागद बाईंच्या हातात दिला आणि पावतीवर सही घेतली.

“हाती घेतला की लावाची गरज नसते, बाई,” तो म्हणाला आणि त्यानं अर्चनाला डबा मागे घ्यायला खुणावलं.

“लाव, भाऊ. हाच कागद भिताडाले लाव. कोणी पुसलं त मी थोडीच घरी राहीन सांगाले?”

देवीदासाचा हात काही डब्यात जाईना. मग वच्छलाबाईंनीच अर्चनाच्या हातून डबा घेतला. त्या निळ्या ठिपक्यांवर एकेक बोट खळ लावली, चार कोपऱ्यांना आणि मधोमध, आणि हातातला कागद नीट सरळ धरून चिकटेपर्यंत तळहातानं दाबून ठेवला.